घट्ट झाकणाचं पिंप

साहेब, त्या बाईला चोर तुम्ही ठरवलंत. तुम्ही तिला नीट पाहिलेलंही नाही. तुमच्या शिबिराच्या दिवशी ती शेडच्या मागच्या दाराशी उपड्या क्रेटवर बसली होती, आणि तुमची नजर पुढच्या खुर्च्यांच्या पलीकडे गेलीच नाही. तरीही सांगतो, तुम्हीच ठरवलंत. तुमच्या शब्दावर ज्यानं विश्वास ठेवला तो तिचा सख्खा भाऊ होता. त्यालाही मी सोडणार नाही, पण त्याची पाळी नंतर. तो निदान रोज स्वतःला खातो आहे. तुम्ही हार घालून घेतलात, चहा प्यायलात आणि गाडीत बसलात.

द्राक्षं भरायचं शेड होतं ते. हंगाम संपला होता, म्हणून मोकळं होतं. भिंतीवर फलक लावला होता, 'सोन्या-चांदीत गुंतवणूक, नवख्यांसाठी'. बागायतदार खुर्च्यांवर, छाटणीच्या टोळ्या मागं जमिनीवर, त्यांत मीही. तुम्ही बरंच सांगितलंत आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. दागिना म्हणजे गुंतवणूक नव्हे, घडणावळ वाया जाते आणि विकताना घट धरतात. घ्यायची तर लगड घ्या, छाप बघून घ्या, पावती घ्या. सोनं परवडत नसेल तर चांदीपासून सुरुवात करा. घरात सगळ्यांना सांगत बसू नका, कारण चोरी करणारा बहुतेक वेळा घरातलाच माहीतगार असतो. कोरड्या जागी, घट्ट झाकणाखाली, जिथं दुसऱ्याचा हात जाणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

मग तुम्ही विचारलंत, कुणाला काही शंका? मागून एक हात वर झाला. पन्नाशी उलटलेला, वाळक्या काडीसारखा माणूस. छाटणीच्या टोळीचा मुकादम. आयुष्यभर दुसऱ्याच्या बागेत वेलीखाली मान वर करून काम केलेलं, त्यामुळं उभा राहिला तरी मान थोडी मागंच कललेली.

"साहेब, ही चांदी नासते का?"

शेड हसलं. आधी खुर्च्या हसल्या, मग जमीन. तुम्हीही हसलात.

"मामा, चांदी म्हणजे काय द्राक्षं आहेत का? नासत नाही, सडत नाही, कीड लागत नाही. ठेवा आणि विसरून जा."

मुकादम खाली बसला. त्याच्याच टोळीतल्या एकानं परतीच्या वाटेवर विचारलं की मुकादम, चांदीवर द्राक्षासारखी भुरी आली तर फवारा कुठला मारायचा. मुकादमही हसला. हसावं लागतं. पण ज्याच्या हाताखाली माणसं काम करतात त्याचं एकदा हसं झालं की दुसऱ्यांदा व्हायला नको म्हणून तो काय काय करेल, हे तुम्हाला कळायचं नाही.

आता घर सांगतो. घर म्हणजे दोन खोल्या आणि मागं पत्र्याची पडवी. मुकादम, त्याची बायको, मुलगा, सून आणि मुकादमाची थोरली बहीण. बहिणीचा नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. मूलबाळ नव्हतं. ती भावाकडे आली, आणि आली ती कामाला लागूनच आली. सगळी वस्ती तिला आत्या म्हणते. मुकादम ताई म्हणतो. ती त्याला ढब्ब्या म्हणते, कारण लहानपणी तो गुबगुबीत होता. टोळीसमोर तिनं तशी हाक मारली की मुकादम रागावल्यासारखं करायचा आणि टोळी खाली मान घालून काड्या वेचायची.

आत्याच्या दोन्ही मनगटांत चांदीची जाड कडी होती. नवऱ्यानं घातलेली. छाटणी, बांधणी, भांडी, शेण, सगळं त्या कड्यांसकट चालायचं. वेलींवर गंधक मारायचे दिवस आले की कडी जरा मंद पडायची. मग आत्या राखेच्या चिमटीनं घासायची की पुन्हा पांढरी.

शिबिरानंतर काही दिवसांनी तिनंच विषय काढला. परसात दोघं कात्र्यांना धार लावत बसले होते.

"ढब्ब्या, दागिना म्हणजे गुंतवणूक नव्हे म्हणाला ना तुझा साहेब?"

"म्हणाला."

"मग माझ्या हातात हे काय आहे?"

"दागिना."

"म्हणजे वायाच." ती दगडावर कात्री ओढत राहिली. मग म्हणाली, "पोराचे डोळे बघितलेस का?"

पोराचे डोळे सगळ्यांनीच बघितले होते. बुरशी लागू नये म्हणून वेलींवर गंधक उडवायचं काम टोळी अजून फडक्यानं करायची. पुरचुंडीत पिवळी पूड बांधायची आणि वेलीच्या ओळीतून चालत झटकत जायचं. पूड घडांवर बसते तशी पापण्यांवर बसते, घामात उतरते, नाकातून आत जाते. मुलाचे डोळे हंगामभर सुजून फुगलेले असायचे. हातानं फिरवायचं, पाठीवर बांधायचं यंत्र मिळतं, ते घेतलं तर पूड पुढं उडते, तोंडावर येत नाही. पण घरात नोट टिकत नव्हती. कुणाला ताप आला, गेली. पत्रा उडाला, गेली. म्हणून यंत्रासाठी लगड. तिला मोडून मीठ आणता येत नाही, असं मुकादमाचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नव्हतं.

सराफाकडे बहीण-भाऊ दोघंच गेले. कडी निघेनात. काम करून आत्याच्या बोटांची पेरं जाड झाली होती. साबण लावला, तेल लावलं, शेवटी सराफानं पक्कड घेतली. दोनदा कट्ट आवाज झाला. कड्यांखालची कातडी लहान पोराच्या पोटासारखी गोरी निघाली. आत्यानं त्या कातडीकडे असं बघितलं की जणू दुसऱ्याचंच काहीतरी आपल्या हातावर आलंय. त्या चांदीत मुकादमानं साठवलेलं घालून चार लगडी आल्या, बोटभर लांब, छाप मारलेल्या. सराफानं पावती दिली. वाटेनं येताना आत्या रिकामं मनगट दुसऱ्या हातानं फिरवत होती. कडी सरळ करायची सवय.

लगडी ठेवायच्या कुठं? पेटी सगळ्यांच्या हाताखालची. पत्र्याच्या फटीत उंदीर. मुकादम तुमचं वाक्य पाठ म्हणावं तसं म्हणाला, कोरडी जागा, घट्ट झाकण, दुसऱ्याचा हात नको. आणि मग दोघांनाही एकदमच सुचलं. पडवीत दोन पिंपं होती. एकातलं गंधक वापरातलं. दुसऱ्यात गठ्ठे झालेलं जुनं गंधक, टाकून द्यायचं राहिलेलं. त्याचं झाकण असं बसायचं की सांडशीनं उचकटावं लागे. आत थेंबभर ओल नाही. हात घालायची कुणाची छाती नाही, डोळ्यांतून धार लागते. वाघाच्या तोंडात ठेवल्यासारखं, असं आत्या म्हणाली आणि हसली. तिनं जुन्या फडक्याची पिशवी शिवली. मुकादमानं ती गठ्ठ्यांच्या मधोमध पुरली.

गंधकवाल्या माणसांनी गंधकात ठेवली. त्यांच्याकडे तीच सगळ्यांत भरवशाची जागा होती. तुमच्याकडे लोखंडाचं कपाट आहे, त्यांच्याकडे कुठलं कपाट?

बायकोला सांगितलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. तुम्ही सांगू नका म्हणाला होतात.

त्या वर्षी हवा बिघडली. घड धरायच्या वेळी आभाळ भरून यायचं आणि न पडताच तसंच बसून राहायचं. सकाळी पानांवर दव, दुपारी घुसमट. आधी एका बागेत भुरी दिसली, मग चारी बाजूंनी. मण्यांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी. बागायतदार टोळीच्या दारात उभे राहायला लागले. सगळ्यांना गंधक एकाच वेळी हवं. मुकादमाची माणसं पहाटेची निघायची आणि पिवळी होऊन परतायची. मुलाचा एक डोळा उघडेना. सून ओल्या फडक्यानं त्याच्या पापण्या सोडवायची, आणि तो तिला म्हणायचा की तू दिसली नाहीस तरी बडबडीवरून ओळखतो.

त्याच आठवड्यात एका बागायतदारानं ट्रॅक्टरवरचं यंत्र आणलं आणि हातानं फिरवायचं जुनं विकायला काढलं. मुकादमाला निरोप आला, घ्यायचं तर लगेच घे, दुसरे टपून आहेत. मुकादम दुपारीच घरी आला. पडवीचा पत्रा तापला होता, पिंपाला हात लागत नव्हता. त्यानं सांडशीनं झाकण काढलं, तोंड बांधलं, हात कोपरापर्यंत घातला. पिशवी बोटांना लागली आणि तिथंच फाटली. फडकं कुजल्यासारखं झालं होतं. आतून चार तुकडे निघाले. काळे. नुसते मंद नाहीत, भट्टीतल्या किटणासारखे काळे, वर पापुद्रे सुटलेले. छाप नाही, झळाळी नाही.

मुकादम तिथंच उकिडवा बसला. मग त्यानं छाटणीची कात्री काढली आणि एका तुकड्यावर जोरानं ओढली. आत पांढरी रेघ दिसली. शिसंही ओरखडलं की आतून असंच पांढरं दिसतं. वजनही तसंच जड. चांदी नासत नाही, हे तर भर सभेत सांगितलेलं. त्यावर सगळं शेड हसलेलं. म्हणजे ही चांदी नव्हे. सराफानं डोळ्यांदेखत छाप दाखवून दिलेली. म्हणजे ती इथं बदलली. आणि इथं ठेवलीय हे कुणाला माहीत होतं?

सरळ हिशेब, साहेब. कुठं चुकलं दाखवा. तुमच्या दोन वाक्यांची बेरीज केली त्यानं.

सराफाकडे जाऊन विचारता आलं असतं. पण शिसं घेऊन दुकानात उभं राहायचं आणि पुन्हा हसं करून घ्यायचं, त्यापेक्षा बहीण जवळ होती.

आत्या परसात काड्यांच्या मोळ्या बांधत होती. त्यानं ते चार तुकडे उपड्या क्रेटवर मांडले.

"ताई, पिंप उघडलं होतंस?"

"मी कशाला उघडू?"

"आपण दोघंच होतो."

तिनं एक तुकडा उचलला, उलटा केला. "हे काय आहे?"

"तेच तुला विचारतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो मोळीकडे बघत राहिला. मग तिनं तुकडा जागच्या जागी ठेवला, आवाज न करता, जसा कुणी झोपलेलं असताना ठेवतात.

"म्हणजे मी माझीच कडी चोरली."

मुकादमानं नाही म्हणायला तोंड उघडलं असेलही. तेवढ्यात बायको बाहेर आली. घरात चांदी होती हे तिला चांदी गेल्यावर कळलं. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्यानं आपल्याला सांगितलं नाही आणि बहिणीला सांगितलं, हा राग नवऱ्यावरचा होता, पण तो उतरला नणंदेवर. ती ओरडली नाही. नळावर बायका होत्या, त्यांना ऐकू जाईल इतपतच बोलली. कडी दिल्याचा पस्तावा झाला असेल, म्हणाली. माणूसच आहे. पण परत घ्यायची होती तर आपलीच घ्यायची, भावाची कशाला.

ही गोष्ट इतकी पटण्यासारखी होती की मुकादमालाही पटली. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. पस्तावा झालेली बहीण ही चोर बहिणीपेक्षा बरी.

आत्यानं आत जाऊन आपली पत्र्याची पेटी अंगणात आणली. कुणी मागितली नव्हती. दोन जोड कपडे, फणी, दोऱ्याचं रीळ, नवऱ्याचा कमरेचा पट्टा. एकेक वस्तू तिनं झटकून दाखवली. अंथरुणाची घडी उलगडून झटकली. नळावरच्या बायकांची भांडी भरून वाहत होती. मुकादम म्हणाला, राहू दे ताई. तिनं पेटीचा तळही उपडा करून थापटून दाखवला, मग सगळं होतं तसं आत भरलं.

दुसऱ्या दिवशी बेदाण्याच्या शेडचा टेम्पो बायका न्यायला आला. पलीकडच्या गावी साठवलेला बेदाणा निवडायचं काम असतं, राहायचं तिथंच. आत्या पेटी घेऊन चढली. घरातून निघताना माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. मरणाच्या दारात असला तरी म्हणतो.

"जाते, मुकादम," ती म्हणाली.

ढब्ब्या नाही. मुकादम. टेम्पो गेला तरी तो तिथंच उभा होता, मान मागं कललेली.

यंत्र दुसऱ्यानं नेलं. काळे तुकडे घरात पडून राहिले. फेकवेनात, कारण फेकले की गोष्ट संपली असं होईल. एक पुढचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्याशी लावला. बाकीचे पडवीवरच्या ताडपत्रीवर दाब म्हणून ठेवले. भुरीचा जोर ओसरला, घड भरले, आणि मुकादम बागेत माणसांवर विनाकारण डाफरायला लागला. सुनेच्या वाट्याला आत्याची कामं आली. शेण, मोळ्या, राखेचं मडकं.

उंबऱ्याशी लावलेल्या तुकड्यानं तिचे कपडे रोज काळे व्हायचे. येता-जाता घोट्याला लागायचा, डाग जायचा नाही. एका सकाळी भांडी घासताना ती वैतागली आणि तो तुकडा उचलून तिनं भांड्यांतच घेतला. ओली राख, काथ्याचा चोथा, आणि अंगात असेल नसेल तो राग. चोथा काळा झाला, पाणी काळं झालं, पापुद्रे निघाले. मग एका कोपऱ्यातून पांढरं दिसायला लागलं. तिनं हात आवरता घेतला, पुन्हा लावला. छाप वर आली, अक्षरं वर आली.

ती तशीच, राखेच्या हातानं, मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. तो चहा पीत होता. तिनं लगड त्याच्या बशीशेजारी ठेवली. म्हणाली,

"बाबा, आत्यांना कोण सांगणार?"

त्यानं कप खाली ठेवला. ताडपत्रीवरच्या तीन खाली काढल्या आणि नळावर जाऊन बसला. राख बोटांच्या भेगांत शिरून रक्त आलं तरी घासत राहिला. बायकांनी बघितलं. त्याच बायका. मग तो सराफाकडे गेला. सराफ म्हणाला, गंधकात ठेवलीत होय, मग काळी नाही तर काय गुलाबी होणार, चांदी चोख आहे, चिंता नको. सराफ पोट धरून हसला. मुकादमाला आता हसण्याचं काही वाटलं नाही. त्याला वाटलं, यानं अजून हसावं, सगळ्यांनी हसावं, आणि ते हसणं पुरेसं व्हावं.

ते झालं नाही.

बेदाण्याच्या शेडमध्ये तो गेला तेव्हा गंधकाची धुरी देऊन नुकतीच दारं उघडली होती. डोळे चुरचुरत होते, म्हणून रडला तरी कुणाला कळणार नाही अशी सोय होती. तो रडला नाही. आत्या बायकांच्या ओळीत बसून जाळीवरचे देठ निवडत होती. भावाला बघून उठली नाही. शेजारणीनं सरकून जागा केली. तो बसला, फडकं सोडलं, चारी लगडी तिच्यापुढं मांडल्या. पांढऱ्याशुभ्र.

"चांदीच होती, ताई. गंधकानं काळी पडली होती. घासली की निघाली."

ती देठ निवडत होती. मग विचारलं,

"घासायला किती वेळ लागला?"

"फार नाही. दोन भांडी घासायला लागतो तेवढा."

"तेवढाही वेळ नव्हता तुला."

ओळीतल्या बायकांचे हात थांबले आणि पुन्हा सुरू झाले. मुकादम काहीतरी बोलला. चुकलो म्हणाला, घरी चल म्हणाला, बायको वाट बघते आहे म्हणाला. ते खरंही होतं. बायकोनं तिची अंथरुणाची जागा झाडून ठेवली होती आणि तिथं कुणाला बसू देत नव्हती. आत्यानं ऐकून घेतलं. मग चारातल्या दोन लगडी आपल्याकडे ओढल्या, दोन त्याच्याकडे सारल्या.

"या तुझ्या. पोराला यंत्र घे. डोळ्यांत फडकं मारत बसू नका आता."

"तुझ्या कुठं ठेवशील? मी नेऊन ठेवतो नीट."

ती उठली आणि आपल्या दोन्ही लगडी शेडच्या खिडकीत ठेवल्या. उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा.

"इथं सगळ्यांना माहीत आहे त्या माझ्या आहेत," ती म्हणाली. "निघ आता, मुकादम. टेम्पो जाईल."

त्या अजून तिथंच आहेत, साहेब. धुरी दिली की काळवंडतात. जेवणाची भांडी घासायला बसली की ती त्याही घासते. कुणी नेल्या नाहीत.

घरी यंत्र आलं आहे. मुलाचे डोळे बरे आहेत. मुकादम मात्र जेवताना ताटावरून उठतो आणि दारात जाऊन उभा राहतो. बायको विचारते काय झालं. तो म्हणतो दार आपटलं वाटतं. दार आपटलेलं नसतं. बहिणीचा शब्द खरा मानायला त्याला एक चिमूट राख पुरली असती, आणि ती तिच्याच हातच्या मडक्यात, दोन पावलांवर होती. हे त्याचं आहे. हे मी तुमच्या नावावर टाकत नाही.

पण त्या द्राक्षांच्या शेडच्या भिंतीवर पुन्हा तुमचा फलक लागलाय. पुन्हा खुर्च्या येतील, पुन्हा मागं टोळ्या बसतील, आणि शेवटी तुम्ही विचाराल कुणाला शंका आहे का. मुकादम येणार नाही. आला तरी हात वर करणार नाही. म्हणून त्याचा प्रश्न त्याच शब्दांत मी पुन्हा विचारतो: साहेब, ही चांदी नासते का? तेव्हा तो बरोबर होता. चांदी कशानं काळी पडते हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? माहीत होतं तर सांगितलं का नाही? माहीत नव्हतं तर हसलात कशाला? आणि आपल्याच घरातल्या माणसांपासून लपवा, हे आम्हाला शिकवा म्हणून तुमच्याकडे कोण आलं होतं?

मागच्या दाराशी एक क्रेट रिकामा ठेवलेला असेल. त्याच्याकडे तोंड करून उभे राहा, साहेब, आणि उत्तर द्या.